मादाम क्युरींचे माहेरचे आडनाव : अर्थही चुकला, आकडाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील मादाम क्युरींवरच्या लेखात त्यांच्या माहेरच्या आडनावाविषयी दोन वाक्ये आहेत. पहिले असे, की 'स्क्लोडोव्स्का' म्हणजे 'कोठारवाले'. दुसरे असे, की हे आडनाव पोलंडमधून जवळजवळ नाहीसे झाले आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. त्यांच्या संशोधनाबद्दल लेखात जे लिहिले आहे त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु पोलिश आडनावांबद्दल मराठीत काही छापून आले की अर्थ शब्दकोशातून उचललेला असतो आणि आकडा अर्धवट यादीतून. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिच्यामुळे आपल्याकडे पोलिश नावांशी प्रत्यक्ष संबंध येतो, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो आहोत.

आधी उच्चार. तो चुकला की पुढचा सगळा शोधच चुकतो. या आडनावात तिसरे अक्षर साधे रोमन 'एल' नसून, तिरपी रेघ मारलेला 'एल' आहे. पोलिश वर्णमालेत ते वेगळे अक्षर आहे आणि त्याचा उच्चार ओठ गोल करून म्हटलेल्या 'व'सारखा होतो. पुढे 'स' आल्यामुळे त्याआधीचा 'व्ह' हा 'फ' होतो. आणि पोलिश 'डी' दातांना जीभ लावून म्हणतात, म्हणजे तो आपला 'द' आहे, 'ड' नव्हे. तेव्हा उच्चार स्क्वोदॉफ्स्का. इंग्रजीत द-ड असा भेद करणारी अक्षरे नाहीत, मराठीत आहेत. 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला च हे दोन्ही उच्चारही पोलिशमध्ये वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात. इतकी सोय असताना आपण ही नावे इंग्रजीच्या वाटेने का आणतो, हे आम्हाला खरोखर कळत नाही.

आता अर्थ. पोलिशमध्ये साठा किंवा कोठार या अर्थाचा 'स्क्वाद' असा शब्द आहे, आणि 'कोठारवाले' तिथूनच आले असावेत. पण त्या शब्दात 'आ' आहे, आडनावात 'ओ' आहे. 'स्क्वाद'पासून आडनाव झाले असते तर ते 'स्क्वादॉफ्स्की' झाले असते. शिवाय '-स्की' हा व्यवसाय सांगणारा प्रत्यय नाहीच. तो विशेषण करणारा प्रत्यय आहे आणि पंधराव्या शतकापासून पोलिश सरदार-जमीनदारांनी तो गावाच्या नावाला लावला. तार्नुफ गावचे ते तार्नॉफ्स्की. आपल्या '-कर'चे काम तोच करतो. व्यवसायावरून आलेली आडनावे पोलिशमध्ये भरपूर आहेत, पण त्यांचे मूळ रूप बहुधा प्रत्ययाविना किंवा लघुत्वदर्शक प्रत्ययाने दिसते : 'कोवाल' म्हणजे लोहार, 'क्राव्चिक' म्हणजे शिंप्याचा पोर किंवा शागीर्द, 'काच्मारेक' म्हणजे खानावळवाल्याचा. ('कोवाल्स्की' मात्र लोहारापासूनही येतो आणि कोवाले नावाच्या गावांपासूनही. त्यामुळे सगळे कोवाल्स्की एका कुळातले असणे शक्य नाही.)

स्क्वोदॉफ्स्कींचे गाव आहे स्क्वोदी. माझोव्हिया प्रांतात, वॉर्सॉच्या ईशान्येला, ओस्त्रुफ माझोव्येत्स्का तालुक्यातल्या झारेंबी कोश्च्येल्ने या गावाच्या परिसरात या नावाच्या अनेक वाड्या आहेत. स्क्वोदी-प्योत्रोवित्से, स्क्वोदी-स्ताखी, स्क्वोदी श्रेद्न्ये. आपल्याकडचे खुर्द-बुद्रुक आठवावे. 'प्योत्रोवित्से' म्हणजे प्योत्रच्या वंशजांची, 'स्ताखी' म्हणजे स्ताख ऊर्फ स्तानिस्वाव्हच्या लोकांची, 'श्रेद्न्ये' म्हणजे मधली. या भागात छोट्या जमीनदारांची दाट वस्ती होती. नावाला सरदार, पण स्वतः नांगर धरणारे. वाटण्या होत गेल्या तसतशी एका गावाची चार-पाच गावे झाली आणि त्या सगळ्यांतले लोक स्क्वोदॉफ्स्की म्हणवू लागले. मादाम क्युरींचे घराणे स्क्वोदी-प्योत्रोवित्सेचे. त्यांचे आजोबा यूझेफ तिथून शिकून बाहेर पडले आणि लुब्लिनला शाळेचे प्रमुख झाले. वडील व्वादिस्वाव्ह वॉर्सॉत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत.

येथे भाषेचा एक बारकावा आहे. स्क्वोदीपासून 'स्क्वोदॉफ्स्की' होताना मध्ये 'ऑफ' कुठून आला? मुळात '-ऑफ्स्की' हे रूप '-उफ' किंवा '-ओवो' ने संपणाऱ्या गावांपासून तयार होत असे. पुढे ते इतके रुळले की कोणत्याही गावाला तयार प्रत्यय म्हणून लागू लागले. त्यामुळे आडनाव उलटे सोडवताना एकच गाव धरून चालत नाही. स्क्वोदुफ, स्क्वोदोवो, स्क्वोदी अशी तिन्ही रूपे मनात धरावी लागतात आणि मग नकाशा व दप्तर सांगेल त्याप्रमाणे दोन खोडावी लागतात. मंगेशीवरून 'मंगेशकर' झाले हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे अवघड वाटू नये. गावांसाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे १८८० ते १९०२ या काळात निघालेला पोलंड-राज्याचा पंधरा खंडांचा भौगोलिक कोश. त्यात लहान वाड्याही आहेत, आणि एकाच नावाची गावे क्रमांक घालून वेगळी केली आहेत. आजचा ऑनलाइन नकाशा पहिला सापडलेला ठिपका दाखवतो आणि शोधणारा तिथेच थांबतो. ही फार नेहमीची चूक आहे.

आडनावाचा अर्थ येथे संपतो : 'स्क्वोदीचे'. स्क्वोदी या ग्रामनामाचा स्वतःचा अर्थ काय, हा वेगळा प्रश्न आहे. तो आडनावाच्या अर्थात मिसळू नये.

आता दप्तर. पोलिशमध्ये आडनावे नामासारखी चालतात, म्हणजे त्यांना विभक्ती लागते. पुरुष स्क्वोदॉफ्स्की, स्त्री स्क्वोदॉफ्स्का, कुटुंब स्क्वोदॉफ्स्त्सी. षष्ठीत पुरुष 'स्क्वोदॉफ्स्क्येगो', स्त्री 'स्क्वोदॉफ्स्क्येय'. लुब्लिनमध्ये १९४४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या अधिकृत नावात मादाम क्युरींचे आडनाव षष्ठीतच आहे. त्या पाटीवरून उतरवून 'स्क्वोदॉफ्स्क्येय' हेच आडनाव समजणारे लोक आहेत. जुन्या जन्मनोंदीत आईचे माहेर 'अमुकांपैकी' अशा अनेकवचनी रूपात येते. मादाम क्युरींच्या आईचे माहेर बोगुस्की, पण नोंदीच्या पद्धतीने ते 'बोगुस्किख' असे येईल. हे रूप जसेच्या तसे उतरवले की जगात नसलेले एक 'दुर्मीळ' आडनाव जन्माला येते. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या दुर्मीळ आडनावांतली बरीचशी अशीच असतात.

'-स्की' नसलेल्या आडनावांत आणखी एक गुंता होता. नोवाक यांची पत्नी 'नोवाकोव्हा' आणि अविवाहित मुलगी 'नोवाकुव्ना'. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदीत ही तिन्ही रूपे एकाच घरात सापडतात. ती तीन आडनावे नव्हेत.

नोंदी कोणत्या भाषेत सापडतील, हे पोलंडच्या फाळणीत गाव रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांपैकी कोणाच्या वाट्याला गेले होते त्यावर ठरते. स्क्वोदीचा भाग नेपोलियनच्या काळातल्या वॉर्सॉ संस्थानात आणि नंतर रशियाच्या ताब्यातल्या पोलंड-राज्यात होता. तिथे १८०८ पासून नागरी नोंदी पोलिशमध्ये आहेत, रकान्यांत न मांडता सलग गद्यात लिहिलेल्या. १८६८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत त्या रशियनमध्ये आहेत. ऑस्ट्रियाच्या वाट्याच्या भागात लॅटिन तक्ते, तर प्रशियाच्या भागात १ ऑक्टोबर १८७४ पासून जर्मन नागरी नोंदी. १८०८ पूर्वीची चर्चची दप्तरे लॅटिनमध्ये आहेत, आणि त्यात नावाआधी लागणारी पदवी फार मोलाची असते : 'नोबिलिस' किंवा 'गेनेरोसुस' असेल तर जमीनदार, 'फामातुस' असेल तर शहरी कारागीर-व्यापारी, 'लाबोरिओसुस' असेल तर कुळवाडी. हा एक शब्द पाहिला तर '-स्की म्हणजे सरदारच' हा समज तिथल्या तिथे गळून पडतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेतकरी आणि शहरी लोकांनीही '-स्की'ची आडनावे मोठ्या प्रमाणात घेतली.

रशियन नोंद वाचताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. रशियनमध्ये 'ह' आणि 'ग' या दोन्हींसाठी एकच अक्षर वापरत, त्यामुळे हालित्स्की की गालित्स्की हे नुसत्या रशियन रूपावरून ठरत नाही. अनुनासिक पोलिश स्वर 'एन', 'ओन' असे फोडून लिहिलेले असतात. यावर उतारा नोंदीतच असतो : लेखनिक बहुधा रशियन नावापुढे कंसात पोलिश रूप लिहून ठेवत. कंसातले रूप प्रमाण धरावे. तिसरी गोष्ट तारखेची. ज्युलियन आणि ग्रेगोरियन अशा दोन्ही तारखा दिलेल्या असतात आणि एकोणिसाव्या शतकात त्यांत बारा दिवसांचे अंतर असते. मादाम क्युरींचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा. ज्युलियन पंचांगाने तो २६ ऑक्टोबर होतो. एकाच मुलाच्या दोन जन्मतारखा सापडल्या म्हणून दोन मुले मानून बसलेल्या वंशावळी आम्ही पाहिल्या आहेत.

शोधाचा क्रमही सांगतो. वर्षाच्या नोंदी संपल्या की वहीच्या शेवटी नावांची सूची असते. त्यात आडनावापुढे नोंदीचा क्रमांक असतो, पानाचा नव्हे. पोलिश वंशशोधन संस्थेचे स्वयंसेवक या सूच्या 'गेनेतेका' या संकेतस्थळावर भरतात, आणि राज्य अभिलेखागारांच्या संकेतस्थळावर वह्यांची छायाचित्रे विनामूल्य मिळतात. सूचीत नाव नाही याचा अर्थ माणूस नाही असा होत नाही. त्या चर्चची त्या वर्षांची वही अजून भरलेली नाही, एवढाच अर्थ बहुधा असतो. म्हणून आधी व्याप्तीचा तक्ता पाहावा, मग निष्कर्ष काढावा. शंभर वर्षांच्या आतील जन्मनोंदी आणि ऐंशी वर्षांच्या आतील विवाह-मृत्यूच्या नोंदी नागरी नोंदणी कार्यालयात असतात. त्या सर्वांसाठी खुल्या नसतात.

घराण्यांच्या जुन्या कोशांविषयी एक इशारा. बोन्येत्स्की यांचा मोठा कोश 'एम' या अक्षरात थांबला आणि उरुस्की यांचा 'आर'मध्ये. 'एस'ने सुरू होणारे घराणे या दोन्हींत नाही याचे कारण एवढेच, की संपादन पुरे झाले नाही. त्यावरून घराणे किरकोळ होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. स्क्वोदॉफ्स्कींचे कुलचिन्ह दोवेंगा. पण पोलंडमध्ये एकच कुलचिन्ह परस्परांशी रक्ताचे नाते नसलेली अनेक घराणी वापरत, तेव्हा चिन्ह जुळले म्हणून नाते जुळत नाही.

आता आकडा, म्हणजे 'जवळजवळ नाहीसे झाले' या विधानाकडे येऊ.

पोलंडमध्ये 'पेसेल' या राष्ट्रीय लोकसंख्या-नोंदणीवरून आडनावांच्या याद्या सरकार दरवर्षी खुल्या करते. या याद्या दोन असतात, पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी. 'नोवाक' हे रूप दोन्हींसाठी सारखेच, त्यामुळे ते दोन्ही याद्यांत सापडते. 'स्क्वोदॉफ्स्की' फक्त पुरुषांच्या यादीत आणि 'स्क्वोदॉफ्स्का' फक्त स्त्रियांच्या यादीत असणार. मादाम क्युरींचे आडनाव म्हणून 'स्क्वोदॉफ्स्का' घेऊन कोणी पुरुषांच्या यादीत शोधले तर हाती भोपळा येतो. रेघ नसलेल्या 'एल'ने शोधले तरी तेच. लेखातला निष्कर्ष अशाच शोधातून आला असावा, असा आमचा अंदाज आहे. दोन्ही याद्यांतले आकडे मिळवल्याशिवाय '-स्की' आडनावाची संख्या सांगताच येत नाही. स्क्वोदॉफ्स्की आडनावाची माणसे आजही पोलंडमध्ये राहतात. मादाम क्युरींच्या बहिणी ब्रोनिस्वावा आणि हेलेना लग्नानंतर द्वुस्का आणि शालाय झाल्या हे खरे, पण भाऊ यूझेफ होता, आणि स्क्वोदीच्या वाड्यांत इतर घराणी होतीच.

बेरीज केल्यावर एक पडताळा घ्यावा. पोलंडमध्ये शंभर पुरुषांमागे सुमारे १०७ स्त्रिया आहेत, म्हणून स्त्रीरूपाचा आकडा पुरुषरूपापेक्षा थोडा जास्तच यायला हवा. आडनावाची माणसे काही शेकडा असूनही स्त्रियांचा आकडा निम्माच आला, तर हमखास कुठेतरी लेखनभेद सुटला आहे. माणसे दहा-वीसच असतील तर मात्र हा पडताळा चालत नाही. यादीची फाइल उघडताना अक्षरांची सांकेतिक पद्धत चुकीची निवडली गेली तर रेघवाली अक्षरे प्रश्नचिन्हे होतात. क्रमवारी लावल्यावर रेघेचा 'एल' 'झेड'च्याही पुढे जाऊन बसतो आणि वाटते, नाव गेले कुठे? जोडआडनावे कशी मोजली आहेत हे यादीच्या वर्णनात आधी वाचावे.

जुना आकडा हवा असेल तर काझिम्येश रीमुत यांचा कोश आहे. क्राकूफहून १९९२ ते १९९४ मध्ये दहा खंडांत निघालेला, आणि १९९० च्या सुमाराच्या पेसेल नोंदींवर आधारलेला. त्यात प्रत्येक आडनावाची संख्या त्या वेळच्या ४९ प्रांतांनुसार फोडून दिली आहे. आज प्रांत १६ आहेत, त्यामुळे जुनी आणि नवी विभागणी थेट ताडून पाहता येत नाही, पण मुळाचा शोध घ्यायला जुने लहान प्रांतच जास्त कामाचे. कोशाच्या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. त्यात लोकसंख्येचा सुमारे ९४ टक्के भागच आला आहे. आणि काही आडनावांपुढे शून्य लिहिलेले दिसते. शून्य माणसांचे आडनाव कोशात कशाला? ती नोंद अपुरी होती, एवढेच त्या शून्याचे सांगणे. बहुतेकदा ती लेखनिकाची चूक असते किंवा तो माणूस आधीच वारलेला असतो. अशा शून्यावरून 'नामशेष आडनाव' म्हणणे बरोबर नाही.

'दुर्मीळ' हा शब्दही जपून वापरावा. पोलंडमध्ये सर्वांत जास्त आढळणारे आडनाव नोवाक, म्हणजे गावात 'नवा आलेला'. त्याची माणसे सुमारे २ लाख. देशाची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास. म्हणजे सर्वांत मोठे आडनावसुद्धा दोनशेत जेमतेम एकाचे. कोवाल्स्की-कोवाल्स्का मिळून सव्वा लाखाच्या वर. आडनावांचा पसारा इतका विखुरलेला असताना काही शे माणसांचे आडनाव पोलंडमध्ये मुळीच नवलाचे नाही. नुसत्या संख्येपेक्षा ती माणसे कुठे दाटलेली आहेत हे पाहावे, आणि तेही त्या प्रांताच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. वॉर्सॉत प्रत्येक आडनावाचा आकडा फुगलेला दिसतो, कारण वॉर्सॉच मोठी. व्रोत्स्वाव्ह आणि श्चेचिन या पश्चिमेकडच्या भागांवरून तर मूळ ठरवूच नये. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या, पूर्वेकडचे लाखो पोलिश लोक तिथे नेऊन वसवले गेले. आजची दाटी १९४५ नंतरची आहे, मुळाची नाही.

शब्दकोशातून अर्थ काढण्याचा धोका किती, याची दोनच उदाहरणे देतो. कोश्च्युश्को हे स्वातंत्र्यवीराचे आडनाव ऐकले की पोलिश माणसालाही 'कोश्च' म्हणजे हाड आठवते. प्रत्यक्षात ते कोन्स्तान्ती या नावाच्या पूर्वजाचे घरगुती रूप आहे, 'कोस्त्युश्को'. या पूर्वजाला सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा झिग्मुंत पहिला याच्याकडून स्येख्नोविचे हे गाव मिळाले, आणि त्याचे लाडके नाव वंशाचे आडनाव झाले. दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. औंध संस्थानच्या स्वराज्य-प्रयोगात सहभागी झालेले आणि निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेणारे पोलिश ज्यू मॉरिस फ्रिदमान. पोलंडच्या दक्षिणेला, नोवी तार्गजवळ, फ्रिदमान नावाचे गाव खरोखर आहे. पण हे आडनाव त्या गावाचे नव्हे. जर्मन-यिद्दिश 'फ्रीडमान'चे ते पोलिश लेखन आहे. ज्यूंना कायमची आडनावे घ्यायला राज्यकर्त्यांनी भाग पाडले : ऑस्ट्रियाने १७८७ मध्ये, प्रशियाने १७९७ मध्ये, पोलंड-राज्यात १८२१ मध्ये. अशा आडनावांना गावाचा नियम लावला की उत्तर चुकणारच.

शेवटी वळिवड्याबद्दल, कारण त्यावरही आपल्या वृत्तपत्रात मजकूर येत असतो. कोल्हापूरजवळच्या या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात स्त्रिया आणि मुलेच अधिक. त्यांतले बहुतेक पूर्व पोलंडमधून १९४०-४१ मध्ये सोव्हिएत संघात हद्दपार केले गेलेले. त्यांची नावे इंग्रजी टंकयंत्रांवर उतरली तेव्हा रेघा, शेपट्या, टिंबे सगळी गळली. 'वुइचिक'चे 'वोजसिक' झाले ते असे. ही नावे छापताना आई '-स्का' आणि मुलगा '-स्की' असेल तर ती चूक समजून 'दुरुस्त' करू नये. परदेशात जन्मलेल्या नातीचे आडनाव मात्र '-स्की'च असू शकते, तेही तसेच ठेवावे. अशा कुटुंबांचे मूळ शोधणाऱ्यांनी आजच्या पोलंडमधल्या चर्चमध्ये वही न मिळाल्यास निराश होऊ नये. पूर्वेकडच्या चर्चच्या बऱ्याच वह्या वॉर्सॉच्या जुन्या अभिलेखांच्या मुख्य अभिलेखागारात आणि वॉर्सॉच्या मध्यवर्ती नागरी नोंदणी कार्यालयात आहेत. उरलेल्या युक्रेन, बेलारूस, लिथुआनियाच्या अभिलेखागारांत.

दुरुस्ती छापायची झाल्यास एवढाच मजकूर पुरेसा आहे : "मादाम क्युरींच्या माहेरच्या आडनावाचा उच्चार स्क्वोदॉफ्स्का, पुरुषरूप स्क्वोदॉफ्स्की. अर्थ 'स्क्वोदी गावचे', माझोव्हिया प्रांत. हे आडनाव आजही पोलंडमध्ये प्रचलित आहे."

आपले,
पोलिश भाषा आणि वंशशोधनाचे काम करणारे काही वाचक, पुणे